लग्नपत्रिकेच्या पाठीमागचं चित्र

प्रश्न : ठाण्यात राहणाऱ्या पस्तिशीतल्या एका वाचकाचं पत्र आहे. नोकरी सॉफ्टवेअरमधली, नाद कॉमिक्सचा. गेली १४ वर्षं ते कॉमिक्सच्या चित्रकारांनी हातानं काढलेली स्केचेस जमवतात. कधी मेळाव्यांत रांगा लावून, कधी पैसे मोजून, कधी इतर संग्राहकांशी अदलाबदल करून आजवर नव्वदेक झाली आहेत. यंदा त्यांनी या छंदासाठी ६०,००० रुपये बाजूला ठेवले आणि दोन चित्रं एकदमच समोर आली. पहिलं आहे आता हयात नसलेल्या एका नामवंत चित्रकाराचं. हे गृहस्थ चाहत्यांना चित्रं काढून देत नसत, असं सगळे सांगतात. लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर बॉलपेननं काढलेला तळहाताएवढा चेहरा आणि खाली सही. विक्रेता ४५,००० मागतो. दुसरे चित्रकार आजही काम करतात, मेळाव्यात समोर येईल त्याला हसतमुखानं चित्र काढून देतात. १८,००० रुपयांत ते ए-थ्री आकाराचं, ब्रशनं शाई केलेलं चित्र काढून द्यायला तयार आहेत. संग्राहकांच्या ग्रुपचं म्हणणं, 'दुर्मीळ माल सोडू नकोस, दुसरं काय कधीही मिळेल.' पत्नीचं म्हणणं, 'भिंतीवर लावशील ते घे.' शेवटी एक कबुलीही आहे. तीन वर्षांपूर्वी, स्वतःच्या नावानं काढून घेतलेलं एक मोठं स्केच त्यांनी एका दुर्मीळ सहीच्या बदल्यात मित्राला दिलं, आणि ते अजून खुपतं आहे. त्यांचा प्रश्न : दुर्मिळता पाहावी की दर्जा?

उत्तर :

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. लग्नपत्रिकेवरच्या चित्राबद्दल तुम्ही आकार लिहिला, पेन कुठलं ते लिहिलं, किंमत लिहिली, ते किती दुर्मीळ आहे हे तर तीन वेळा लिहिलं. चेहऱ्यावर भाव काय आहे, ते मात्र कुठेच नाही. दुसऱ्या चित्रकाराबद्दल लिहिताना तुम्ही वाहवत गेला आहात. 'ते ब्रश आडवा धरून एका फटक्यात अंगरखा फडकवतात, बघताना श्वास अडकतो' हे वाक्य तुमचंच आहे. तुमच्या डोळ्यांनी निवड केव्हाच केली आहे. आता प्रश्न उरतो तो डोळ्यांवर भरवसा ठेवण्याचा, आणि तो सोपा नाही, हे मला मान्य आहे.

ग्रुपवरच्या मित्रांच्या सल्ल्यात एक गृहीतक आहे. दुर्मिळता हा चित्राचा गुण आहे, असं ते धरून चालतात. मला तसं वाटत नाही. दुर्मिळता ही त्या कागदाची हकीकत असते. एखादं चित्र कमी का मिळतं, याला दहा कारणं असतात आणि त्यातल्या बहुतेकांचा चित्रकाराच्या हाताशी काही संबंध नसतो.

मी एका मासिकाच्या कलाविभागात २२ वर्षं काढली. दिवाळी अंकाच्या दिवसांत चित्रांचा नुसता ढीग पडायचा. चित्र कॅमेऱ्याखाली जायचं, निगेटिव्ह निघायची, प्लेट व्हायची, आणि मूळ चित्र कपाटावर चढायचं. परत मागायला फार थोडे चित्रकार यायचे. मागितलं तरी शोधून द्यायला कुणाला वेळ नसायचा. एका उन्हाळ्यात जागा हवी म्हणून ते सगळे गठ्ठे रद्दीवाल्याला किलोवर घातले गेले. मी रजेवरून परतले तेव्हा एकच चित्र उरलं होतं, तेही चहाच्या ट्रेखाली घातलेलं होतं म्हणून. ही गोष्ट मी अजून पचवू शकलेले नाही. तर त्या अंकांची मूळ चित्रं आज दुर्मीळ आहेत, यात शंका नाही. पण त्यातली सगळी चांगली होती का? नव्हती. काही घाईची होती, काही चक्क वाईट होती. रद्दीवाल्यानं निवडून नेली नव्हती.

ट्रेखालचं ते चित्र माझ्याकडे आहे. एक बाई विहिरीतून पाणी शेंदते आहे, एवढंच. चित्रकार भरपूर काम करणारे होते, त्यांची चित्रं आजही शोधली तर मिळतात. कोपऱ्यात चहाच्या पेल्याचं तपकिरी वर्तुळ आहे. पण चित्र तिरकं धरून पाहिलं की शाईखाली पेन्सिल दिसते : कोपर तीनदा काढलेलं आहे. आधी ते अंगाला चिकटलेलं होतं, मग जरा बाहेर आलं, आणि तिसऱ्यांदा इतकं बाहेर की दोराचा ताण खांद्यापर्यंत पोचला. तो खांदा उचलला गेल्याशिवाय घागर जड वाटली नसती. मी हे चित्र तीस वर्षं पाहते आहे आणि त्या तिसऱ्या कोपराशी दर वेळी थांबते.

मी दर्जा म्हणते तो हाच. तुम्ही दर्जा म्हणजे सफाई धरली आहे का, अशी मला शंका आहे, कारण पत्रिकेवरच्या चित्राचा कमीपणा सांगताना तुम्ही 'लहान' आणि 'बॉलपेननं काढलेलं' एवढंच म्हटलंत. लहान असणं हा दोष नव्हे, बॉलपेन हाही नव्हे. चौकट ठरवताना, पात्र कुठून आत येणार हे शोधताना काढलेलं गचाळ दिसणारं रफ हे पुष्कळदा मेळाव्यातल्या गुळगुळीत चित्रापेक्षा जिवंत असतं, कारण तिथे हात काहीतरी शोधत असतो. उलट रांगेत उभ्या असलेल्या शंभराव्या माणसासाठी काढलेला तोच किंचित बाजूला वळलेला चेहरा कितीही सफाईदार असला, तरी सहीच्या वळणासारखा सवयीनं उमटलेला असतो. दोन्ही चित्रांना हा एकच प्रश्न विचारा : इथे चित्रकार काही शोधत होता, की ठाऊक असलेलं उतरवत होता?

'टिंकल' या मुलांच्या मासिकातला भित्रा शिकारी शंभू आठवा. वसंत हळबे यांनी त्याची टोपी डोळ्यांवर ओढली आणि व्यंगचित्रकाराचं सगळ्यात मोठं हत्यार, म्हणजे डोळे, स्वतःच काढून टाकलं. मग भीती, फुशारकी, झोप हे सगळं मिशीतून, गुडघ्यांतून आणि पळताना उलट्या पडणाऱ्या बुटांतून दाखवावं लागलं. आता कुणी तुम्हाला शंभूचा नुसता चेहरा दिला, टोपी आणि मिशी, तर तो ओळखू येईल, आवडेलही. पण हळब्यांची खरी करामत त्या कागदावर नसेल. घाबरून झाडावर चढणारा आख्खा शंभू मिळाला, तर तो डाग पडलेला असला तरी घ्यावा. प्रत्येक चित्रकाराची करामत अशी कुठेतरी राहत असते, कुणाची हातांत, कुणाची कापडाच्या चुण्यांत, कुणाची रिकाम्या सोडलेल्या जागेत. आर. के. लक्ष्मण यांच्या कावळ्यांत ती ब्रशच्या एका दाबात आहे. तुमच्या पत्रिकेवरच्या चेहऱ्यात त्या चित्रकाराची करामत आहे का, हे ग्रुप सांगू शकणार नाही. तुम्ही त्यांचं काम वर्षानुवर्षं वाचलं आहे, तुम्हाला ते सांगता येईल.

बाहेरची दोन उदाहरणं देते, कारण तुमचा पेच अगदी या दोघांमधला आहे. स्टीव्ह डिटको यांनी १९६२ साली स्टॅन ली यांच्यासोबत स्पायडरमॅन उभा केला. पुढे ते मुलाखतींपासून आणि मेळाव्यांपासून दूर राहिले, २०१८ साली वारले तेही तसेच एकांतात. चाहत्याला काढून दिलेलं त्यांचं चित्र ही खरोखरच क्वचित दिसणारी गोष्ट. दुसरीकडे सर्जिओ आरागोनेस. १९६३ पासून 'मॅड' या अमेरिकन विनोदी मासिकात त्यांनी पानांच्या कडेला आणि चौकटींमधल्या फटींत इवलीइवली चित्रं काढली, आणि मेळाव्यांत ते किती भरभर आणि किती उदारपणे चित्रं काढून देतात, हे जगभरच्या चाहत्यांना ठाऊक आहे. त्यांची रेखाटनं मिळतात, पुष्कळ मिळतात. म्हणून ती हलकी झाली का? ग्रुपच्या हिशेबानं झाली. माझ्या मते आरागोनेसचा बोटभर उंचीचा धावता माणूस हा कॉमिक्सच्या जगातल्या सर्वांत चैतन्यानं भरलेल्या रेषांपैकी एक आहे. तो सहज मिळतो, हे आपलं भाग्य.

आणि चित्रकार कमी देतो, यामागे कधी त्याची नाराजीही असते. 'कॅल्विन अँड हॉब्स' ही चित्रमालिका काढणारे बिल वॉटरसन गावातल्या पुस्तकाच्या दुकानात तिच्या पुस्तकांच्या प्रतींवर गुपचूप सह्या करून ठेवत असत, कुणाला तरी अचानक आनंद मिळावा म्हणून. त्या प्रती चढ्या भावानं विकल्या जात आहेत हे कळल्यावर त्यांनी ते थांबवलं. ती दुर्मिळता बाजारानंच तयार केली. असल्या दुर्मिळतेसाठी जास्त पैसे मोजताना माझा हात आखडतो.

आता पैशांचं. दुर्मीळ वस्तूची किंमत कधी पडत नाही, हे तुमच्या मित्रांचं म्हणणं मला धोक्याचं वाटतं. आपल्याला दिसत नाही म्हणजे ते नाहीच, असं नसतं. अमेरिकन चित्रकार जॅक कर्बी यांची मार्व्हल या कॉमिक्स कंपनीसाठी काढलेली मूळ पानं वर्षानुवर्षं कंपनीकडेच होती. मोठ्या वादानंतर १९८७ साली त्यातली सुमारे दोन हजार पानं त्यांना परत मिळाली, आणि पुढे ती बाजारातही आली. आपल्याकडे तर घराघरांत ट्रंका आहेत. चित्रकार जातो, मुलं घर आवरतात, माळ्यावरून एक बोचकं खाली येतं आणि त्यात दीडशे रेखाटनं निघतात. त्या दिवशी तुमच्या ४५,००० च्या चेहऱ्याचं काय होईल? तो चांगला असेल तर दीडशेतही उठून दिसेल. नुसताच दुर्मीळ असेल तर राहणार नाही.

दुर्मिळता आणि दर्जा एकत्र येतात तेव्हा काय होतं, तेही सांगते. टिनटिनचे जनक एर्जे यांनी त्याच्या 'द ब्लू लोटस' या पुस्तकासाठी १९३६ साली एक मुखपृष्ठ रंगवलं. ते छापणं फार महाग पडेल म्हणून नाकारलं गेलं आणि प्रकाशकाच्या लहान मुलाकडे गेलं. घडी घालून ते खणात पडून होतं, असं त्या कुटुंबाचं सांगणं. घड्यांच्या खुणा त्यावर आजही आहेत. २०२१ साली पॅरिसच्या लिलावात त्याला सुमारे ३२ लाख युरो मिळाले. ते जगात एकच आहे हे खरं. पण लाल ड्रॅगन आणि रांजणातून डोकावणारा टिनटिन ज्यानं पाहिला, त्याला ते नुसतं 'एकच' म्हणून मोठं आहे असं वाटणार नाही.

तरीही तुमचा कल पत्रिकेकडेच असेल, तर पैसे देण्याआधी काही गोष्टी कराच. पत्रिका उलटी करा. पुढच्या बाजूला लग्नाची तारीख आहे, वधूवरांची नावं आहेत, गाव आहे. चित्रकार तेव्हा काय करत होते, त्या कुटुंबाशी त्यांचा काही संबंध होता का, हे थोडं खणलं तर कळतं. चाहत्यांना नकार देणारा माणूस कुणाच्या तरी पत्रिकेवर चित्र का काढेल, याला उत्तर हवं. ते मिळालं तर तुमच्या हाती एक सुंदर गोष्ट येईल, नाही मिळालं तर थांबा. अक्षरं उठावाची असतील तर मागून बॉलपेन त्यांच्यावरून जाताना किंचित उडी मारतं, ती पाहा. छापलेल्या रेषेला अशी उडी नसते. दहापट मोठं दाखवणारं भिंग अडीचतीनशे रुपयांत मिळतं. त्यातून ठिपके दिसले तर ते छापील आहे. बॉलपेननं कागदात खोबण पडायला हवी, बोटालाही कळते.

हे इतर वाचकांसाठीही सांगते, कारण जुन्या बाजारात दोन गोष्टी मूळ चित्र म्हणून सर्रास गळ्यात मारल्या जातात. एक, ब्रोमाइड. छापखान्यात पानं चिकटवून लावायच्या काळात चित्राची ही फोटोप्रत काढली जाई. रेषा काळ्याभोर आणि सुरेख दिसतात, पण कागद फोटोसारखा तुकतुकीत असतो आणि शाई कुठेच जाड-पातळ साचलेली नसते. खऱ्या चित्रावर पेन्सिलीच्या खुणा, चूक झाकायला लावलेला पांढरा पोस्टर कलर, कडेला मापाचे आकडे असं काहीतरी सापडतंच. दुसरी गोष्ट, उत्तम छपाईच्या प्रती. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांच्या चित्रांच्या अशा प्रती गोव्यात राजरोस आणि प्रामाणिकपणे विकल्या जातात. तिसऱ्या हाती गेल्यावर फ्रेमच्या काचेआड त्यांचं 'ओरिजिनल' होतं. फ्रेम उघडू न देणाऱ्याकडून काही घेऊ नये.

आणखी एक बाब संग्राहकांना सहसा ठाऊक नसते. चित्र विकत घेतलं म्हणून ते छापण्याचा हक्क मिळत नाही. शिवाय चित्रकार त्या चित्राचा पहिला कॉपीराइटधारक असेल, आणि मूळ चित्र पुढे १०,००० रुपयांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर त्याला किंवा त्याच्या वारसांना त्यात वाटा मागता येतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात तशी तरतूद आहे. विक्रेत्याला याबद्दल विचारून पाहा. चित्रकाराच्या घरच्यांशी त्याचा काही संपर्क आहे का, हे त्याच्या उत्तरावरून लगेच कळेल.

तुमच्या पत्नीचा प्रश्न तुम्ही पत्रात जरा उडवून लावला आहे. तो सगळ्यांत व्यवहारी आहे. बॉलपेनची शाई उजेडात विटते. ते चित्र भिंतीवर लावलंत तर काही वर्षांत जांभळट होऊन फिकं पडेल. म्हणजे ते अंधारातच ठेवावं लागणार, फाइलमध्ये, आधीच्या नव्वदांसोबत. ब्रशनं काळ्या चित्रशाईत केलेलं चित्र, ऊन थेट पडणार नाही अशा भिंतीवर, काच टेकू नये म्हणून मधे माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, घालून लावलं, तर तुम्ही म्हातारे व्हाल तोवर काळं राहील. मार्करचं मात्र नको, मार्करही विटतात. चित्रकाराला शाई कुठली वापरणार हे आधी विचारायला लाजू नका.

आणि काहीही घेतलंत तरी लॅमिनेशन करू नका. हे मी हात जोडून सांगते. सेलोटेपही नको, तो पिवळा पडतो आणि डाग कायमचा राहतो. तुमच्याकडे ठाण्यात खाडीची दमट हवा आहे. फाइल बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका, सिलिका जेलच्या पुड्या पावसाळ्यात बदलत राहा, आणि दर दोन महिन्यांनी पानं उलटून कसर लागली नाही ना ते पाहा. पानं उलटताना चित्रंही पाहिली जातात, हा फायदा वेगळाच.

माझं मत विचाराल तर १८,००० चं चित्र काढून घ्या, पण रांगेतल्या माणसासारखं नको. 'अमुक पात्र काढा' म्हणून सोडू नका. त्या चित्रकाराच्या कुठल्या गोष्टीतला कुठला क्षण तुमच्या मनात राहिला, ते त्यांना लिहून कळवा आणि पुढचं त्यांच्यावर सोडा. घाई करू नका, मुदत त्यांना ठरवू द्या. आणि जमलंच तर त्या चित्राचं पेन्सिलीतलं कच्चं रेखाटनही मागा, त्याचे वेगळे पैसे देऊन. पुष्कळ चित्रकार ते कचऱ्यात टाकतात. दोन्ही शेजारी ठेवलीत की कोपर कुठे हललं ते तुम्हाला दिसेल.

पत्रिकेच्या चित्राबाबत लगेच नाही म्हणू नका, पण महिनाभर थांबा. त्या महिन्यात मूळ चित्रं पाहून या. पुण्यात बालेवाडीला आर. के. लक्ष्मण संग्रहालय आहे, गोव्यात रेइश मागूश किल्ल्यात मारिओंची चित्रं आहेत, कामानिमित्त बेंगळुरूला जाणं होत असेल तर तिथे इंडियन कार्टून गॅलरी आहे. शि. द. फडणीस यांच्या 'हसऱ्या गॅलरी'तली चित्रं कुठे मांडलेली दिसली तर चुकवू नका. एक शब्दही न लिहिता हसवायचं तर रेषेला किती काम करावं लागतं, ते मूळ आकारात पाहिल्यावरच कळतं. मग परत येऊन त्या पत्रिकेवरच्या चेहऱ्याकडे सही अंगठ्यानं झाकून बघा. तेव्हाही तो चेहरा तुम्हाला धरून ठेवत असेल, आणि चौकशीत सगळं नीट निघालं असेल, तर घासाघीस करून घ्या, मी अडवणार नाही. महिन्याभरात दुसऱ्या कुणी नेलं तर नेऊ द्या.

राहिलं ते तीन वर्षांपूर्वीचं स्केच. तुम्ही लिहिलंत की चित्रकारानं तुमचं नाव विचारलं, 'प्रिय' लिहून पुढे ते घातलं, आणि रांग थांबवून तुमच्यासाठी दहा मिनिटं जास्त काढली. असं चित्र दुसरं निघणार नाही, त्यामुळे दुर्मिळतेच्या हिशेबानंही तो सौदा चुकलाच होता. मित्राला फोन करा. सही परत द्या, वर काही रक्कम द्यावी लागली तर ६०,००० मधली पहिली रक्कम त्यासाठी खर्च करा. 'प्रिय'च्या पुढे दुसऱ्याचं नाव असलेलं चित्र सहसा कुणी भिंतीवर लावत नाही, त्यामुळे ते अजून त्याच्या फाइलमध्येच असेल. पावसाळा लागायच्या आत करा.